पाचवा हुकूम

कोंडीराम घाडी मला आठवतात ते पाठमोरे. छापखान्यातला जुळारी माणूस दिवसभर केसकडे, म्हणजे खिळ्यांच्या खणाखणांच्या पेटीकडे, तोंड करून उभा असतो. त्यामुळे त्याची पाठ आपल्या ओळखीची होते आणि चेहरा फक्त जेवणाच्या सुट्टीत दिसतो. कोंडीरामांची पाठ जराशी डावीकडे कललेली असायची. डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक, उजवा हात खणाखणांतून खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, उचलतोय, आणि मान अशी तिरकी, की शेजारच्या घरात कुणी हळू बोलतंय आणि हे कान देऊन ऐकतायत.

मी तेव्हा मॅट्रिक होऊन घरी बसले होते. लग्न ठरेपर्यंत काहीतरी करावं, म्हणून आमच्याच वाडीत राहणाऱ्या मनमोहन धराधरांनी मला त्यांच्या छापखान्यात प्रुफं तपासायला घेतलं. धराधर म्हणजे जुने पाठारे प्रभू, पिढ्यान्‌पिढ्यांचे गिरगावकर. बोलणं मोजकं, पण एकदा बोलले की बोलले. छापखाना खोताच्या वाडीच्या मागच्या अंगाला, एका लाकडी घरात होता. वर माळ्यावर खिळे जुळवायचं काम, खाली मशीन, आणि मधे एक अरुंद जिना. त्या जिन्याला अर्ध्यावर एक चौकोनी जागा होती, खिडकीची. तिथे यशोदाबाई बसायच्या. कोंडीरामांची बायको. छापून आलेल्या कागदांच्या घड्या घालायच्या, हाडाच्या पट्टीनं त्या दाबायच्या, आणि गठ्ठे रचायचे, हे त्यांचं काम.

त्यांचं आणखी एक काम होतं. ते कुणी त्यांना दिलेलं नव्हतं, आपोआप अंगावर आलं होतं. खाली मशीन सुरू झालं की वरचा आवाज खाली पोचायचा नाही. फोरमन शामराव वरून काही ओरडले की मधे बसलेल्या यशोदाबाई तेच पुन्हा खाली ओरडायच्या. आवाज खणखणीत. कोकणात डोंगराच्या ह्या अंगावरून त्या अंगाला हाक मारायची सवय असलेला. खालचा मशीनवाला रामजी म्हणायचा, "शामराव काय बोल्ले ते मला कधीच कळत न्हाई. वहिनी बोलल्या की कळतं."

दोघं नवराबायको परळच्या चाळीतून रोज बरोबर यायची आणि बरोबर जायची, पण छापखान्यात एकमेकांशी बोललेली मी फारशी ऐकली नाहीत. बाराच्या सुट्टीत यशोदाबाई डबा उघडून कोंडीरामांच्या पुढ्यात ठेवायच्या आणि आपण माझ्याजवळ येऊन बसायच्या. मी गुरुवारी उपास करायची. मला त्या दर गुरुवारी आठवणीनं केळं आणायच्या.

छापखान्यात हुकूम चारच होते. जुळव म्हणजे मजकूर खिळ्यांत उभा कर. बांध म्हणजे जुळवलेलं पान सुतळीनं आवळून मशीनवर दे. बदल म्हणजे अमकी ओळ काढून तमकी घाल. आणि सोड म्हणजे ज्या ओळींचं काम झालं त्यांचे खिळे सुटे करून परत आपापल्या खणात टाक. साधारण कुठल्याही छापखान्यात एवढ्यावर काम भागतं. आमच्याकडेही भागत होतं, पण मग संयुक्त महाराष्ट्राचे दिवस आले.

त्या दिवसांत काय छापलं नाही आम्ही! सभांची हँडबिलं, मोर्च्यांची, हरताळाची, निषेधाची, मेळ्यातल्या पदांची पुस्तकं. सगळ्यात एक शब्द ठरलेला, महाराष्ट्र. आणि त्या शब्दातलं 'ष्ट्र' हे जोडाक्षर आमच्या केसमधे असून असून किती असणार? एरवी कुणाला लागतं ते? राष्ट्र लिहायला, नाहीतर सौराष्ट्र. आता हँडबिलात तोच शब्द चार-चारदा. गिरगावातले सगळे छापखाने 'ष्ट्र'साठी एकमेकांच्या दारात उभे असायचे. कागदाच्या पुडीत खिळे बांधून न्यायचे, संध्याकाळी परत करायचे. शेजारणीकडून विरजण मागावं तसं.

त्यात समिती म्हणजे अनेक पक्षांची मोट. हँडबिल एकच, पण सकाळी एका पक्षाचे कार्यकर्ते यायचे आणि म्हणायचे, "आमचे पुढारी पहिले बोलणार, नाव वर घ्या." दुपारी दुसऱ्या पक्षाचे यायचे. "हे कुणी बदललं? होतं तसं करा." संध्याकाळी तिसरे यायचे, त्यांना 'प्रचंड जाहीर सभा' नको, 'विराट' हवी. रात्री पहिले पुन्हा 'प्रचंड'वर. शामराव डोक्याला हात लावून बसायचे. कारण सकाळच्या ओळी दुपारी सोडून झालेल्या. खिळे खणात परत गेलेले. होतं तसं करायचं म्हणजे सगळं पुन्हा जुळवायचं, पुन्हा प्रूफ, पुन्हा माझ्यावर चुका शोधण्याची पाळी.

कोंडीरामांना हे आधीपासून ठाऊक होतं. बदललेल्या ओळी ते सोडायचेच नाहीत. सुतळीनं आवळून, कागदात गुंडाळून जिन्यातल्या खिडकीच्या फळीवर सरकवून द्यायचे. अख्खं पान बांधून ठेवायची रीत सगळ्या छापखान्यांत आहे. सत्यनारायणाची पोथी, लग्नपत्रिका अशी पानं वर्षानुवर्षं बांधलेली राहतात. पण काढून टाकलेल्या चार ओळी कुणी जपून ठेवत नाही. शामराव रागवायचे.

"अरे कोंडीराम, ह्या कुजवायच्यात का? सोड!"

"शामराव, आज नको म्हणतत. उद्या ताच व्हया म्हणतीत."

आणि खरंच दुसऱ्या दिवशी तेच हवं म्हणून माणूस दारात यायचा.

एके दिवशी भर कामात 'म' संपला. नुसता 'म', ज्याच्याशिवाय मराठीही लिहिता येत नाही. धराधर स्वतः माळ्यावर आले. शोधाशोध झाली आणि फळीवरची सगळी पुडकी निघाली. सगळे 'म' तिथे. शिवाय 'ष्ट्र'ही.

धराधरांनी एक पुडकं उचललं. शामरावांना म्हणाले, "हे कुणी कुणाला विचारून केलं?"

शामराव तसे भले. म्हणाले, "विचारलं नाही, पण उपयोग झालाय साहेब. पाच-सहा वेळा तरी आपण तोंडघशी पडायचो ते वाचलो."

"उपयोग झाला तर सगळ्यांना कळू दे. एकानं लपवून ठेवायचं आणि बाकीच्यांनी 'म' शोधायचा, असा छापखाना चालत नाही." मग म्हणाले, "निवडणूक होईपर्यंत बघू. तुमचे चार हुकूम आहेत तसा पाचवा ठेवा. ओरडला की वरपासून खालपर्यंत प्रत्येकाला कळला पाहिजे, विचारावं लागता कामा नये. पण एकदा जरी घोटाळा होऊन गिऱ्हाईक माघारी गेलं, तर ही फळी मी उखडून टाकीन. आणि कोंडीराम, तुम्ही केस सोडायची आणि खाली कागद कापायला जायचं."

कोंडीराम मान खाली घालून उभे होते. त्यांच्या दोन्ही भावांनी गिरणीत जन्म काढला होता. त्यांनाही तिथेच चिकटवायचं चाललं होतं, पण ते छापखान्यात आले आणि केसपाशी उभे राहिले ते राहिले. खालच्या कागद कापायच्या यंत्रापाशी तो माणूस कसा दिसेल, हे मला डोळ्यांपुढे आणवेना.

मग नाव शोधणं सुरू झालं.

शामरावांनी पहिल्या दिवशी 'ठेव' ठरवलं. दुपारी ते वरून ओरडले, "जुन्या ओळी ठेव!" रामजीनं बांधलेल्या पानांचा सगळा फर्माच मशीनवरून उतरवून जमिनीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी 'थांब' ठरलं. ओरडल्याबरोबर रामजीनं मशीन थांबवलं आणि विडी पेटवून बाहेर जाऊन उभा राहिला. मी 'ठेवणीत' सुचवलं. आपल्या ठेवणीतल्या लुगड्यासारखं, रोज वापरायचं नाही पण टाकायचंही नाही. धराधरांना आवडलं. पण मशीनच्या खडखडाटात तो मऊ शब्द खाली पोचेचना. कोंडीरामांना विचारलं तर ते म्हणाले, "देवाचा काय तरी ठेवा. दिवसभर तोंडात येतलो शब्द, चांगलो असूक व्हयो." पण कुठला, ते त्यांना सुचेना.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी शामरावांचा धीर सुटला. हातात 'विराट'वाल्यांचा कागद, समोर 'प्रचंड'वाले बसलेले, खाली मशीन खोळंबून उभं. शब्द कुठला ठरला होता तेच विसरले आणि जिन्यात वाकून ओरडले, "अरे त्या ओळी कोंडीराम करतो तसं कर रे! कोंडीराम कर!"

यशोदाबाई घड्या सोडून कागद आणायला गेल्या होत्या, आणि मशीन बंद, म्हणून हाक सरळ खाली पोचली. रामजीनं एक शब्द विचारला नाही. ओळी काढल्या, सुतळीनं आवळल्या, कागदात गुंडाळल्या, वर हँडबिलाचं नाव टाकलं आणि फळीवर नेऊन ठेवल्या. शामराव बघतच राहिले.

"बघा साहेब," ते धराधरांना म्हणाले, "कामालाच आपलं नाव ठाऊक होतं. आपण उगाच शोधत होतो."

ठरलं. पाचवा हुकूम, कोंडीराम. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोंडीराम एवढे लाजले, की मागे वळून केसमधे नसलेलं काहीतरी शोधायला लागले. जन्मभर दुसऱ्यांची नावं जुळवलेला माणूस. लग्नपत्रिकेतल्या वरांची, सभेतल्या वक्त्यांची, दुकानांची, मयतांची. त्यांचं स्वतःचं नाव पहिल्यांदाच कुठेतरी लागलं होतं. त्या दिवसापासून घोटाळा नको म्हणून सगळे त्यांना नुसतं 'घाडी' म्हणायला लागले. नाव कामाला गेलं आणि माणूस आडनावावर राहिला. पण तो खुशीत होता. जेवताना मी म्हटलं, "काका, आता तुमच्याशिवाय पान हलणार नाही." तर म्हणाले, "माझ्याशिवाय हालात. नावाशिवाय नाय हालूचा." आणि हसले. त्यांना हसताना मी तेव्हाच पाहिलं.

एवढ्या सगळ्या हुशार पुरुषांच्या एक गोष्ट लक्षात आली नाही. धराधरांच्या नाही, शामरावांच्या नाही, खुद्द कोंडीरामांच्याही नाही. हुकूम जिन्यातून खाली जायचा तो यशोदाबाईंच्या तोंडून. आणि कुठली बायको नवऱ्याचं नाव घेते?

मला ते दुसऱ्याच दिवशी कळलं. शामराव ओरडले, "दुसरी आणि तिसरी बदल, जुन्या कोंडीराम!" यशोदाबाईंनी खाली ओरडलं, "दुसरी नि तिसरी बदला, जुन्या त्येंचा करा!"

रामजी त्यांच्या गावाकडचा नसला तरी त्यांना ओळखून होता. 'त्येंचा' म्हणजे कुणाचं, ते त्याला बरोबर कळलं. ओळी फळीवर गेल्या. काम झालं.

दुपारी केळं हातात देताना मी विचारलं, "यशोदाबाई, तुम्ही ते नाव का घेत नाही?"

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. कोंडीराम लांब भाकरी खात होते. "माका नाय जमाचा ता, बाय."

"अहो, पण तो आता हुकूम आहे. नाव नाही."

"तुका हुकूम. माका त्येच ते." मग पदर सारखा करत म्हणाल्या, "माझ्या थोरल्या भैणीन एकदा रागान घेतल्यान. वरीस नाय झाला, तिचो घोव गेलो. बायको नाव घेता तेवा घोवाचा आयुष्य कमी होता. आमच्याकडे तसाच मानतत."

मी मराठी शाळेत शिकलेली, पण देवाधर्माची मुलगी. असं काही नसतं, हे मला म्हणता आलं असतं. म्हटलं नाही. दुसऱ्याच्या जिवाची भीती असते, तिथे आपण कशाला शहाणपण दाखवायचं?

"मग मी शामरावांना सांगते. दुसरा शब्द ठेवतील."

त्यांनी माझा हात घट्ट धरला. "नको. माझी शपथ आसा तुका. कधी नाय ता त्येंचा नाव खय तरी लागला. काल घराक जाताना सगळ्या रस्त्यान बोलत होते. एरवी बोलतत काय? परत काढून घेतला तर त्येंका वायट वाटात."

म्हणजे असं होतं सगळं. नाव उच्चारावं तर नवऱ्याच्या आयुष्याला धोका, न उच्चारावं तर त्याच्या केसवरच्या कामाला. आणि तक्रार करावी तर त्याच्या खुशीला. ह्या तिन्हींतून यशोदाबाईंनी 'त्येंचा' अशी वाट काढली होती. रामजी खाली होता तोवर ती वाट चालणार होती. मी एकदोनदा त्यांच्याऐवजी जिन्यात उभं राहून ओरडूनही पाहिलं. रामजी म्हणाला, "ताई, मांजर ओरडलं का कुठं?"

निवडणुकीला थोडे दिवस उरले होते. परळच्या नरे पार्कवर मोठी सभा होणार होती. तिचं हँडबिल आमच्याकडे होतं. आणि नेमकी ते छापायच्या आदल्या रात्री रामजीला गावाकडून तार आली, बाप आजारी. तो पहाटेच गेला. लालबागच्या एका छापखान्यातून धराधरांनी दगडू नावाचा मशीनवाला आणला. दगडू धिप्पाड, हसतमुख, घाटावरचा. शामरावांनी त्याला जिन्यात उभं करून हुकूम शिकवले.

"जुळव, बांध, बदल, सोड, हे तुला माहितीच आहेत. आमचा एक जास्तीचा आहे. कोंडीराम. म्हणजे जुन्या ओळी बांधून ह्या फळीवर."

"हे काय, मानसाचं नाव?"

"हां. पण तू माणूस शोधत बसू नको. ओळी बांध."

"बांधतो की." दगडू हसत खाली गेला.

यशोदाबाई घड्या घालत होत्या. त्यांच्या हातातली पट्टी क्षणभर थांबली, ते मी पाहिलं.

अकराच्या सुमाराला एका पक्षाचे दोघं आले. चार ओळी बदलायच्या होत्या, वक्त्यांचा क्रम. ते अजून जिना उतरत होते तोवर दुसऱ्या पक्षाचा एक कार्यकर्ता वर येऊन बाकावर बसला. त्याला कुणीतरी आधीच बातमी पोचवली असणार. म्हणाला, "त्यांना काय बदलायचं ते बदलू द्या. ते गेले की मी आहे. समितीच्या कचेरीतून फोन येणार आहे, जुन्याच ओळी राहणार. फक्त जुन्या ओळी टाकू नका, एवढं बघा. सभा उद्याच आहे."

'ष्ट्र' पुन्हा संपला होता. कोंडीराम पुडी घेऊन ठाकुरद्वारच्या छापखान्यात मागायला गेले होते. धराधर खाली दारापाशी उभं राहून कागद मोजून घेत होते. मशीन धडधडत होतं.

शामरावांनी नव्या ओळी जुळवून खाली पाठवल्या आणि जिन्यात वाकून ओरडले, "पाच ते आठ बदल! नव्या घाल! जुन्या कोंडीराम!"

यशोदाबाईंनी नेहमीसारखं खाली ओरडलं, "पाच ते आठ बदला! नव्या घाला! जुन्या त्येंचा करा!"

मशीनवर दुसरं काम चालू होतं, हँडबिलाचं पान बाजूच्या टेबलावर होतं. दगडूनं मान वर केली. "कुनाचं?"

"त्येंचा!"

"अवो बाई, त्येंचा म्हंजी कुनाचा? हितं कोन 'ते' न्हाईत." जुन्या ओळी त्यानं चिमट्यानं सोडवून हातात घेतल्या होत्या. दुसऱ्या हाताशी सोडायच्या खिळ्यांचा डबा. त्या डब्यात एकदा खिळे पडले की दहा फर्म्यांचे खिळे एकत्र होतात. मग ते निवडायला एक आठवडा पुरत नाही. "सोडू का? न्हाई म्हनताय का हां म्हनताय?"

कागद मोजणारे धराधर वर बघायला लागले. शामरावांना काही कळेना, ते वरून ओरडत होते, "कोंडीराम रे, कोंडीराम!" पण मशीनच्या आवाजात ते जिन्याच्या पुढे जाईना. मी टेबल सोडून धावले. जिन्याच्या पहिल्या पायरीवर पोचले आणि तिथेच थांबले.

यशोदाबाईंनी पट्टी खाली ठेवली होती. दोन्ही हातांनी पदर डोक्यावरून घेतला, जसा लग्नात, नाहीतर देवळात घेतात. भिंतीकडे तोंड केलं. आणि त्या खणखणीत आवाजात, अक्षर न् अक्षर वेगळं करून म्हणाल्या,

"खिळ्याला खिळा लागतो तेव्हा पुरं होतं काम,
जुन्या ओळी सोडू नका, करा कोंडीराम!"

नाव घ्यायला एक वाट आपल्याकडे बायकांना मोकळी आहे. उखाण्यात घेतलेलं नाव कुणाला बाधत नाही. ते मंगळागौरीला घ्यायचं, हळदीकुंकवाला घ्यायचं, गृहप्रवेशाला उंबऱ्यात घ्यायचं. छापखान्याच्या जिन्यात आजवर कुणी घेतलं नसेल, एवढंच.

दगडूचा हात डब्यावर होता तो तसाच राहिला. मग तो एवढ्यानं हसला की मशीनचा आवाज खाली गेला. "आसं सांगा की वैनी! आता बांधतो. झकास बांधतो." आणि त्यानं सुतळी ओढली.

वर शामरावांनी कपाळावर हात मारून घेतला. "अरे देवा! माझ्या डोक्यात कसं आलं नाही? इतके दिवस ही बाई..." बाकावरचा कार्यकर्ता टाळ्या वाजवत होता. त्याला काय झालं ते अर्धंच कळलं होतं, पण मराठी माणूस उखाणा ऐकला की टाळ्या वाजवतोच.

दारात कोंडीराम उभे होते. हातात 'ष्ट्र'ची पुडी. केव्हा आले कुणाला ठाऊक. धराधरांच्या मागे उभे होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्यांनी ऐकलंय. ते जिन्यापर्यंत आले. बायकोच्या जरा खालच्या पायरीवर थांबले.

"काय म्हटलंस? मशीन चालू होता, नीट ऐकाक इला नाय."

"कागद मोजतंय मी," यशोदाबाई म्हणाल्या. पदर अजून डोक्यावर होता. "गप ऱ्हवा नि वर जावा. तुमची केस मोकळी पडलीहा."

कोंडीराम वर गेले. दोन पायऱ्या चुकले.

अर्ध्या तासात तो फोन आला. पहिल्या पक्षाचे गेले होते, जुन्या ओळी हव्या झाल्या होत्या. दगडूनं फळीवरचं पुडकं सोडलं, ओळी जशा होत्या तशा पानात बसवल्या, एक वेलांटीसुद्धा हलली नव्हती. संध्याकाळपर्यंत हँडबिलं परळला पोचली.

धराधर संध्याकाळी माळ्यावर आले. ते कधी कुणा कामकरी बाईशी बोललेले मी पाहिले नव्हते. त्या दिवशी जिन्यातच थांबले. "यशोदाबाई, फळी राहील. घाडीही केसवरच राहतील. आणि माझी चूक झाली, मला हे समजायला हवं होतं. उद्यापासून दुसरा शब्द ठेवू का?"

मला वाटलं, सुटल्या. त्या मात्र घड्या दाबत राहिल्या. मग म्हणाल्या, "नको साहेब. सगळ्यांच्या तोंडात बसलोहा तो. मी रोज एक जुळवीन."

आणि खरंच जुळवायच्या. पुढे मे महिन्यात महापालिकेची निवडणूक, मग साठ साल, मग राज्य झालं. तोवर तो जिना म्हणजे आमच्या छापखान्याचं करमणुकीचं ठिकाण झालं होतं. शामराव मुद्दाम हळू ओरडायचे आणि कान देऊन थांबायचे. रामजी परत आल्यावर त्याला पहिले उखाणे दगडूच्या तोंडून ऐकावे लागले म्हणून तो रुसला. प्रत्येक वेळी नवा उखाणा सुचायचा नाहीच. घाईच्या वेळी यशोदाबाई नुसतं शेवटचं टोक म्हणायच्या, "काम, राम, कोंडीराम!" तेवढ्यातही यमक आहे, म्हणजे उखाणा झाला, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. मला वाटायचं, त्यात राम येतोच आहे, देवाला काय हरकत असणार? माझं लग्न ठरल्यावर त्यांनी मला माझ्या नवऱ्याच्या नावाचे चार उखाणे जुळवून दिले. ते मी अजून विसरले नाही.

कोंडीराम खिळे जुळवायचे आणि त्या उखाणे. दोघांत मला तरी फारसा फरक वाटायचा नाही. पण कोंडीरामांना एक सवय लागली. शामराव जिन्यात वाकले की हे हातातली स्टिक तशीच धरून उभे राहायचे. पाठ आम्हांला, मान तिरकी. शेजारच्या घरातलं बोलणं ऐकतायत अशी.

मी लग्न होऊन दादरला गेले. छापखाना पुढे धराधरांच्या मुलानं विकला. नव्या छपाईत खिळेच नाहीत, मग ते सुटणार कुठून आणि जपणार कोण?

खूप वर्षांनी कोंडीरामांच्या पंच्याहत्तरीला परळला गेले होते. चाळीतल्या बायका जमल्या होत्या. ओवाळून झाल्यावर सगळ्यांनी यशोदाबाईंना घेरलं. "आजी, उखाणा! आजोबांचं नाव घ्या!"

"नाय घेवचंय," त्या म्हणाल्या. "माझे सगळे छापखान्यात संपले."

"एक तरी!"

"एक कशाक? दिवसातून धा-धा येळा घेतलंय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "भैणीचा ऐकून मी किती घाबरलंय होतंय, तुका म्हायती आसा. नाव घेतला की आयुष्य कमी होता म्हणतत. मी इतक्या येळा घेतलंय, नि ह्ये बघ. अजून भाकरी कडक झाली म्हणान माझ्या नावान कुरकुरतत."

पाटावर हार घालून बसलेले कोंडीराम आमच्याकडे पाठ करूनच होते. मान तशीच तिरकी.

"कडक होतीच," ते म्हणाले.